‘हार्डनर’ या एका शब्दामागचे दोन अर्थ : इपॉक्सी आणि लांबीची पार्श्वभूमी

इपॉक्सी राळ, म्हणजे दुसरा भाग (हार्डनर) मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ, १९३० आणि १९४०च्या दशकांत युरोप व अमेरिकेत वेगवेगळ्या संशोधकांच्या हातून आकाराला आली. स्वित्झर्लंडमध्ये तिचा पहिला विचार कवळ्यांसाठी झाला होता. १९४६ मध्ये बाझलच्या व्यापारी मेळ्यात ती धातू जोडणारा चिकटपदार्थ म्हणून लोकांपुढे आली. आपल्याकडे तोवर जोडायला सरस आणि भेगा बुजवायला खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेली लांबी होती. ही लांबी हवेतल्या ऑक्सिजनने वरून आत वाळत जाते, त्यामुळे जाड थर आतून कित्येक दिवस ओला राहतो.

नाशिकच्या छंदी कारागिरांच्या दृष्टीने खरी उलथापालथ पुढे झाली. विमानांच्या व बोटींच्या प्रतिकृती आणि गणपतीची आरास करणाऱ्यांच्या हाती इपॉक्सीच्या दोन नळ्या आल्या, नळकामाच्या दुकानातून हाताने मळायची इपॉक्सी पुट्टी आली आणि गॅरेजमधून गाडीचे पोचे भरायची पॉलिएस्टर पुट्टी आली. तिन्हींच्या दुसऱ्या भागाला दुकानदार एकच नाव देतात, ‘हार्डनर’. आणि बिघडलेल्या कामांचे मूळ मला बहुतेक वेळा या एका शब्दातच सापडले आहे.

पॉलिएस्टर पुट्टीतला हार्डनर हा केवळ प्रक्रिया सुरू करून देणारा पेरॉक्साइड असतो. तो शंभर भागांना दोनेक भाग पुरतो आणि थंडीत किंचित वाढवला तर पुट्टी लवकर आवळते, म्हणून गॅरेजमधला कारागीर तो अंदाजाने घेतो आणि त्याचे काम बिघडत नाही. इपॉक्सीचा हार्डनर मात्र राळेशी साखळ्या जोडून स्वतःच त्या पदार्थाचा भाग बनतो. जास्त घातलेल्या हार्डनरला जोडीला राळ उरत नाही आणि सांधा कायमचा मऊ, चिकट राहतो. डिसेंबरात नाशिकचे पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा ही चूक हमखास होते. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) एका विमानाची इंजिन बसवायची पाटी मी अशाच घाईत ‘थोडा जास्त हार्डनर’ घालून चिकटवली होती. तीन दिवसांनीही त्या सांध्यात नखाचा ठसा उमटत होता आणि शेवटी सगळे खरवडून काढावे लागले. थंडीवरचा उपाय उष्णता हा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून तोच सांधा प्रमाण न बदलता दुपारच्या उन्हाजवळ ठेवणे पुरेसे असते.

‘एकास एक’ हे प्रमाणही असेच वादाचे झाले आहे. ते आकारमानाचे असते, वजनाचे नव्हे. नेहमीच्या नळ्यांमध्ये हार्डनर राळेपेक्षा हलका असल्याने समान आकारमानाचे भाग वजनाने सुमारे १०० ला ८० भरतात. स्वस्त डिजिटल काटे आल्यावर अनेक जण काटेकोरपणाच्या इच्छेने दोन्ही भाग समान वजनाचे घेऊ लागले, आणि काळजी घेऊनही त्यांचे सांधे कच्चे राहिले. माझ्या मते वेष्टनावर ‘आकारमानाने’ हा शब्द ठळक छापला असता तर हा घोळ झालाच नसता. मळायच्या पुट्टीत हा प्रश्न निम्मा सुटतो, कारण दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या सारख्या तोडून, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळल्या की प्रमाणही साधते आणि मिसळणही.

दोन्ही हार्डनर एकाच कामात एकत्र येतात तेव्हा गुंता आणखी वाढतो. इपॉक्सीने जोडलेल्या बोटीच्या बुडावर घाईने गॅरेजची पुट्टी फिरवली, तर खालच्या अर्धवट पक्क्या थरातला शिल्लक अमाइन, म्हणजे इपॉक्सीचा हार्डनर, पुट्टीच्या पेरॉक्साइडला आडवा येतो. पुट्टी वरून कडक दिसते, पण पॉलिश पेपर लावताच पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली चिकट थर उघडा पडतो. पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणासारखी साय धरते, तीही आधी पाण्याने घासून धुवावी लागते; कोरड्या पॉलिश पेपरने ती निघत नाही, उलट पृष्ठभागात दाबली जाते.