जुनी पोलीस केस आणि नवी नोकरी: पुण्यात चारित्र्य पडताळणीचा अर्ज कसा करायचा

कंपनीच्या फॉर्ममध्ये एक ओळ हमखास असते: 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? हो / नाही.' आमच्या वस्तीतला एक मुलगा परवा याच ओळीवर पेन टेकवून बसून राहिला. विसर्जन मिरवणुकीतल्या धक्काबुक्कीत त्याचं नाव एफआयआरमध्ये आलं होतं. पुढे कोर्टात तडजोड झाली, केस मिटली. घरचे म्हणत होते, 'नाही' लिही, कोण बघतंय? मी त्याला थांबवलं, कारण अशा वेळी केसपेक्षा लपवाछपवीच जास्त नडते.

आधी प्रश्न नीट वाचा. 'गुन्हा दाखल झाला होता का', 'खटला चालू आहे का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. फक्त शिक्षेबद्दल विचारलं असेल आणि तुम्ही निर्दोष सुटला असाल, तर 'नाही' हे खरं उत्तर आहे. पण गुन्हा दाखल होता का असं विचारलं असेल, तर सुटका झालेली असली तरी 'हो' लिहायचं आणि पुढे निकाल नोंदवायचा. कोर्टाच्या परवानगीने झालेल्या तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्ततेचाच असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पोलिसांनीच तपास बंद केला असेल, तर अ, ब की क समरी (तपास बंद करताना पोलीस कोर्टाला देतात त्या अहवालाचा प्रकार) झाली ते लिहा. ब समरी म्हणजे तक्रारच खोटी निघाली, ही तर तुमच्या बाजूची गोष्ट.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नेमणुकीवेळी स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, हेच प्रश्न येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात याची चौकट आखून दिली. माहिती खरी द्यायची. लपवलेली केस किरकोळ असेल, तर अधिकारी ती माफ करू शकतात. जे फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं, ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. नोकरीत कायम झालेल्या माणसाला याच कारणावरून काढायचं असेल, तर आधी विभागीय चौकशी लागते. मात्र सगळं खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असंही नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार मालकाकडे राहतो.

आता पोलीस पडताळणी. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करायचा. इथे पुण्यातले लोक एक चूक नेहमी करतात: कंपनी कुठे आहे ते बघून आयुक्तालय निवडतात. बघायचं असतं ते तुमचं राहतं घर. हिंजवडीत काम पण घर कोथरूडला, तर पुणे शहर. चाकण, तळेगाव, वाकडला राहत असाल तर पिंपरी-चिंचवड, ते आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. बारामती, दौंड, शिरूरकडचे असाल तर पुणे ग्रामीण.

कागदपत्रांत फोटो, सही, आधार किंवा दुसरा ओळखीचा पुरावा, पत्त्यासाठी लाइट बिल किंवा भाडेकरार, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि कंपनीचं पत्र तयार ठेवा. त्यानंतर अर्ज तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे नोंदी तपासल्या जातात.

खरी अडचण इथे येते. गुन्हा नोंदवला गेलेला असतो, पण सुटका झाल्याची माहिती ठाण्याच्या नोंदीत चढलेली नसते. कागदावर तुम्ही अजून आरोपीच असता. म्हणून अर्ज करण्याआधीच निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. खटला ज्या कोर्टात चालला, मग ते शिवाजीनगर असो, लष्कर (कॅम्प) असो की पिंपरी, तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा. आरसीसी नंबर (कोर्टातल्या फौजदारी खटल्याचा क्रमांक), कोर्ट आणि निकालाची तारीख लागते. नंबर हरवला असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतो. त्या मुलाची नक्कल आली तेव्हा जांभळ्या शिक्क्याखालची ती ओळ त्याने तीनदा वाचली. मग फॉर्ममध्ये 'हो' लिहिलं, पुढे केस नंबर आणि 'तडजोडीने निकाली' असं लिहून प्रत जोडली. पोलीस ठाण्यातही एक प्रत देऊन पोच घ्या.

काही ठिकाणी मात्र कायदाच आडवा येतो. नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक यांसारख्या) गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार बँक नोकरीत ठेवू शकत नाही. शिक्षा झालेल्याला खासगी सुरक्षा एजन्सीत गार्ड म्हणून घ्यायलाही २००५ च्या कायद्याने मनाई आहे. लक्षात घ्या, हे शिक्षा झालेल्यांबद्दल आहे. नुसत्या एफआयआरवरून कुणी हा नियम सांगत असेल, तर तो चुकीचा सांगतोय.

अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गोष्टीचं वेगळं आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ सांगतं की तेव्हा दोषी ठरल्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि नोंदीही नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: सोळा वर्षं पूर्ण झालेल्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ धरून दोषी ठरवलं, तो. प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्यांनाही १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ असंच संरक्षण देतं, पण विचारलं तर केस सांगावीच लागते.

खासगी कंपनीने ऑफर मागे घेतली, तर फोनवर वाद घालू नका. एचआरला ईमेल करा, पडताळणी अहवालात नेमकं काय आलं ते लेखी मागा आणि नक्कल जोडून खुलासा पाठवा. खासगी कंपनीला असा प्रश्न विचारायला बंदी घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, म्हणून हा लेखी खुलासाच तुमचा मुख्य आधार असतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला लागू शकतो. जाताना नक्कल आणि कंपनीचा नकाराचा ईमेल दोन्ही सोबत न्या.