पीयूई सुधारला, पण काम किती झालं?

"आमचा पीयूई 1.3, म्हणजे आमचं डेटा सेंटर कार्यक्षम" असं वाक्य अहवालात दिसलं की डोकं फिरतं. वीज सर्व्हरपर्यंत पोचवताना आणि ते थंड ठेवताना किती खर्ची पडली, एवढंच पीयूई (पॉवर यूसेज इफेक्टिव्हनेस, डेटा सेंटरच्या वीजवापराचं माप) सांगतो. पोचलेल्या विजेचं पुढे काय झालं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

पीयूई बहुतेकांना पाठ असतो: इमारतीची एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज. ग्रीन ग्रिड या उद्योगसंघाने तो 2007 मध्ये पुढे आणला, 2016 मध्ये त्याचं आयएसओ मानक झालं, आदर्श आकडा 1.0. डीसीआयई (डेटा सेंटर इन्फ्रास्ट्रक्चर एफिशियन्सी) म्हणजे हाच अपूर्णांक उलटा करून टक्क्यांत लिहिलेला, त्यावर वेळ घालवू नका. डीसीईपी (डेटा सेंटर एनर्जी प्रॉडक्टिव्हिटी) मात्र वेगळं माप आहे: झालेलं उपयुक्त काम भागिले एकूण वीज.

गोम आहे ती पीयूईच्या छेदात. तिथे आयटीची सगळी वीज सरसकट "कामाची" धरली जाते, मग सर्व्हर हिशेब करत असो की नुसता तापत बसलेला असो.

समजा, आयटीचा भार 1000 किलोवॅट, कूलिंग आणि यूपीएस वगैरे मिळून 500. पीयूई 1.5. ताशी 30 लाख व्यवहार होतात, म्हणजे एका युनिटला 2000. आता कोणीतरी शहाण्याने महिनोन्‌महिने रिकामे पडलेले सर्व्हर शोधून बंद केले. आयटी 800 वर आलं. कूलिंग आणि यूपीएसचा खर्च त्याच प्रमाणात घटत नाही, त्यातला बराचसा भार कमी असला तरी चालूच राहतो. तो 450 झाला असं धरू. एकूण 1250. व्यवहार तेवढेच, म्हणजे युनिटला 2400. अडीचशे किलोवॅट वाचले, आणि पीयूई? 1.56. बिघडला! ज्याचा बोनस पीयूईला बांधलाय, तो ते सर्व्हर कशाला बंद करेल?

उलटंही घडतं. सर्व्हर हॉलचं तापमान वाढवलं की चिलरची, म्हणजे थंडावा पुरवणाऱ्या यंत्राची, वीज कमी होते, पण सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागतात, आणि पंख्यांची वीज आयटीत मोजली जाते. कूलिंग वगैरे 500 वरून 470, आयटी 1000 वरून 1040: एकूण वापर 10 किलोवॅटने वाढला, तरी पीयूई 1.45 दाखवून मिरवायला मोकळे. तापमान वाढवू नका असं नाही. एकूण मीटर बघा, एवढंच.

मग सगळे डीसीईपीच का वापरत नाहीत? कारण "उपयुक्त काम" म्हणजे काय, हे ठरवणं अवघड. शोधसेवा, बँकेचे व्यवहार आणि हवामानाचं गणित एका मापाने मोजता येत नाही. म्हणून दोन सेंटरचे डीसीईपी शेजारी ठेवणं मला निरर्थक वाटतं. आपल्या सेंटरपुरतं एक एकक ठरवा आणि या महिन्याची गाठ मागच्या महिन्याशी घाला. सीपीयूचा वापर हे एकक म्हणून घेऊ नका. भिकार लिहिलेला प्रोग्रामही सीपीयू छान गुंतवून ठेवतो.

पीयूई फेकून द्यायचं कारण नाही. चिलर आणि यूपीएस सांभाळणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे. फक्त तो वर्षभराच्या युनिटांवर काढा, थंडीतल्या एका रात्रीच्या किलोवॅटवर नको. आणि आयटीचा मीटर यूपीएसमधून वीज बाहेर पडते तिथे आहे की सर्व्हरच्या रॅकपाशी, तेही लिहा: यूपीएसपाशी मोजलं तर पुढच्या वितरणातली गळती गुपचूप आयटीच्या खात्यात जाते.