हायपरमार्केट आणि पेठेतील दुकाने

किराणा, कपडे, भांडी, विजेची उपकरणे असा सगळा माल एकाच छपराखाली, मोठ्या पार्किंगसह विकणारे अवाढव्य दुकान म्हणजे हायपरमार्केट. कार्फूर या फ्रेंच कंपनीने पॅरिसजवळ असे दुकान १९६३ साली उघडले. अमेरिकेत १९६२ मध्ये सुरू झालेल्या वॉलमार्टने मोठ्या दुकानांची पद्धत गावोगावी नेली.

अशा दुकानाच्या गर्दीने शेजारची पेठही भरते, असे नेहमी सांगितले जाते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांच्या अभ्यासात ते अर्धेच खरे ठरले. वॉलमार्ट आलेल्या गावात उपाहारगृहांचा, फर्निचरवाल्यांचा धंदा वाढला. वॉलमार्टमध्ये मिळणारा मालच विकणाऱ्यांचा मात्र घटला आणि आजूबाजूच्या लहान गावांतले गिऱ्हाईकही तिकडे ओढले गेले.

शहरी वस्तीतला अनुभव अधिक कडू आहे. शिकागोच्या ऑस्टिन भागात सप्टेंबर २००६ मध्ये वॉलमार्ट सुरू झाले. संशोधकांनी परिसरातील ३०६ दुकानांवर लक्ष ठेवले. २००८ पर्यंत त्यांतली ८२ बंद पडली होती. काही दुकाने एरवीही बंद पडतातच. पण इथे वॉलमार्ट जितके जवळ, तितकी दुकान बंद पडण्याची शक्यता जास्त होती, आणि हीच गोष्ट बोलकी आहे. विक्रीकराच्या आकड्यांतही परिसराची एकूण विक्री वाढलेली दिसली नाही. नवे गिऱ्हाईक फारसे आले नव्हते. जुन्यानेच दार बदलले होते.

पेठेतली दुकाने एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. वाण्याकडे आलेला माणूस जाता जाता औषध घेतो, चप्पल शिवून घेतो, शिंप्याकडे डोकावतो. किराण्याचे निमित्त गेले की या सगळ्यांकडची ये-जा आटते, मग त्यांचा माल मोठ्या दुकानात मिळत नसला तरी. तिकडचे गिऱ्हाईक मोटारीने येते, डिकी भरते आणि पेठेत पाऊल न टाकता परतते.

फ्रान्सने १९७३ च्या रॉयेर कायद्याने मोठ्या दुकानांना स्थानिक आयोगाची परवानगी सक्तीची केली. १९९६ मध्ये ही अट ३०० चौरस मीटरवरील दुकानांना लागू झाली. २००८ मध्ये मर्यादा १,००० वर नेऊन ती सैल केली गेली.

मुंबईत मॉलजवळच्या लहान दुकानदारांची आणि फेरीवाल्यांची पाहणी अनुराधा कल्हन यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. बहुतेकांची विक्री घटलेली होती. भारताने २०१२ मध्ये बहुब्रँड, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल एकत्र विकणाऱ्या, किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला वाट दिली, पण ती आपल्याकडे येऊ द्यायची की नाही हे राज्यांवर सोपवले. चर्चा तेव्हा बहुतांशी किराणा दुकानांचीच झाली. उधारीची वही आणि घरपोच माल यांच्या बळावर वाणी तग धरू शकतो. त्याच्या शेजारच्या भांडीवाल्याला आणि कापडवाल्याला तो आधार नाही.