सूत्रकृमींवरील नॅनोकण-चाचणी

धातूंचे किंवा त्यांच्या ऑक्साइडांचे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण सजीवाला कितपत अपाय करतात, हे मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीवर तपासण्याची पद्धत. सूत्रकृमी म्हटले की कोकणातल्या बागायतदाराला केळीच्या नाहीतर मिरीच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. चाचणीतला कृमी त्यांच्या जातकुळीतला असला, तरी पिकाच्या वाटेला जात नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचे नाव. कुजक्या फळांतले आणि पाल्यातले जीवाणू खाऊन तो जगतो.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि प्रयोगशाळांत त्याचे बस्तान बसले. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक पेशी असतात, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. शरीर पारदर्शक. २० अंश सेल्सिअसला अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचा फेरा तीन-साडेतीन दिवसांत पुरा होतो आणि एकेक कृमी सुमारे ३०० पिल्ले देतो. त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा आनुवंशिक मजकूर, १९९८ मध्ये वाचला गेला.

बशीतल्या अगारवर (शेवाळापासून केलेल्या जेलीवर) ई. कोलाय जीवाणूंचा पातळ थर वाढवतात. हेच त्याचे जेवण. प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या टोकाने कृमी अलगद उचलून नॅनोकण मिसळलेल्या बशीत किंवा द्रवात सोडतात. मग किती मेले, किती वाढले, किती पिल्ले झाली, हे मोजायचे. तारेने हळूच डिवचल्यावरही हलला नाही, तर तो मेला असे धरतात. जिवंत राहिलेला कृमी थेंबात किती वळवळतो, हेही मोजता येते. गाळ आणि मातीच्या चाचणीसाठी आयएसओ १०८७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्यात कृमींना ९६ तास ठेवून वाढ, प्रजननक्षमता आणि पिल्लांची संख्या पाहतात. धातू पेलण्यासाठी कृमी मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने बनवतो. त्यांच्या जनुकाला हिरवा चमकणारा प्रथिन-दिवा जोडला, की धातूची चाहूल लागताच आतडे उजळते.

खरी गुंतागुंत चांदीच्या कणांत आहे. कण स्वतः विषारी, की त्यातून विरघळून निघालेले आयन (विद्युत्भारित अणू) विषारी? म्हणून सोबत सिल्व्हर नायट्रेटची बशी ठेवतात, जिच्यात कण नसून नुसते चांदीचे आयन असतात; आणि आयन बांधून टाकणारे सिस्टीन हे अमिनो आम्ल घालूनही पाहतात. हा ताळा न घेतलेल्या प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न दूरचा नाही. सुपारीच्या कोळेरोगावर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, होड्यांच्या बुडाला तांब्याचा रंग लावतात. हे तांबे नॅनो आकाराचे नसते, पण खाडीत तांबे येण्याची वाट जुनीच आहे. पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाच्या जाळ्यांना नॅनो कॉपर ऑक्साइडचा लेप देण्याचे प्रयोग कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेत झाले आहेत.

अडचण पाण्याची. खारट पाण्यात नॅनोकण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि तळाला बसतात. चांदीचे आयन क्लोराइडशी बांधले जातात. पावसाळ्यात वाशिष्ठीला पूर आला की दाभोळ खाडीतला खारेपणा उतरतो, उन्हाळ्यात पुन्हा चढतो. म्हणजे एकच कण आषाढात पाण्यात तरंगत राहू शकतो आणि वैशाखात चिखलात बसतो. गोड्या पाण्यातला निकाल जसाच्या तसा खाडीला लावणे, हा उतावीळपणा ठरेल. शिवाय हा कृमी थंड हवेचा: २५ अंशांच्या वर त्याची पिल्ले घटत जातात, त्यामुळे कोकणच्या हवेत त्याला २० अंशांच्या आसपास थंड ठेवलेले कपाटच लागते. त्याचा भाऊबंद सीनोऱ्हॅब्डायटिस ब्रिग्जे उष्णता अधिक सोसतो. त्याचा प्रयोगशाळांत वापरला जाणारा एएफ१६ हा वाण अहमदाबादेतून गोळा केलेला आहे. पण तोही खाऱ्या चिखलातला नव्हे.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात आणि कांदळवनाच्या मुळांशी स्वतःचे सूत्रकृमी वस्तीला असतात; तिथल्या सूक्ष्म तळजीवांत बहुधा तेच संख्येने सर्वाधिक. मूठभर चिखल फॉर्मालिनमध्ये टिकवून अगदी बारीक चाळणीतून धुतला आणि रोझ बेंगॉल या रंगात बुडवला, की काचेवर गुलाबी दोऱ्यांसारखे ते दिसू लागतात. मोजणीसाठी हे ठीक, पण तोवर ते त्या फॉर्मालिनमध्ये मेलेले असतात. विषाची चाचणी घ्यायची तर ते जिवंत आणून पिढ्यान्‌पिढ्या वाढवावे लागतात, आणि बशीत असे रुळलेले सागरी कृमी अजून मोजकेच आहेत.