जेहोलची ताम्रचित्रे

चीनचा चिंगवंशीय सम्राट कांगशी याच्या उन्हाळी राजवाड्याची ३६ दृश्ये. मात्तेओ रिपा (१६८२–१७४६) या इटालियन धर्मगुरूने ती ताम्रपटांवर कोरली. बीजिंगच्या ईशान्येला, महान भिंतीपलीकडे जेहोल (आजचे चंगदे) येथे १७०३ मध्ये हा राजवाडा बांधायला सुरुवात झाली. ‘बिशू शानच्वांग’ हे त्याचे नाव. अर्थ, उन्हाळ्यापासून आसरा देणारी डोंगरवस्ती.

सम्राटाने राजवाड्यातल्या ३६ जागा निवडून प्रत्येकीवर कविता रचली. दरबारी चित्रकार शेन यू याने त्यांची चित्रे काढली व ती लाकडी ठशांवरून छापली गेली. हीच चित्रे तांब्यावर हवीत, अशी सम्राटाची इच्छा होती. १७११ मध्ये बीजिंगला पोहोचलेल्या रिपाला अम्लरेखनाची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरण्याच्या तंत्राची, जेमतेम ओळख होती. अम्ल, शाई आणि छापयंत्र सारे त्याला तिथेच जुळवावे लागले. सुरुवातीच्या प्रती वाईट निघाल्या, तरी सम्राटाने कधी दोष काढला नाही, असे रिपाने आठवणींत नमूद केले आहे. तयार संच सम्राटाने मुलानातवंडांना आणि सरदारांना वाटले.

मांडणी बहुतांशी शेन यूचीच आहे. बदल झाला तो रेषेत. चिनी चित्रात छपराच्या कडा नेमक्या, एकसारख्या रेषेने येतात आणि आकाश व पाणी यांच्या जागी कोरा कागद राहतो. तो कोरेपणा रिकामा नसतो; धुके, अंतर, पाणी सारे त्यातच असते. रिपाने तिथे जवळजवळ, आडव्यातिडव्या बारीक रेषा भरल्या. त्यामुळे आकाशात ढग आले, डोंगरांना उजेडाची आणि अंधाराची बाजू मिळाली, पाण्यात प्रतिबिंबे उमटली. शेन यूच्या पानावर प्रहर कोणता ते कळत नाही. रिपाच्या पानावर ऊन कुठल्या बाजूने येते ते दिसते. म्हणून या चित्रांना नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र धुक्याची जी शांतता मूळ चित्रांत आहे, ती या दाट रेषांखाली बरीचशी हरवली, हेही खरे.

चीन सोडल्यावर रिपा १७२४ मध्ये लंडनला थांबला. तिथे पोहोचलेला एक संच आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे १७३२ मध्ये त्याने नेपल्समध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी विद्यालय काढले. तिथले ‘लोरिएंताले’ विद्यापीठ त्यातूनच वाढले. बिशू शानच्वांगचे बांधकाम १७९२ पर्यंत चालू होते आणि १९९४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.