तुमचा बिडाचा तवा आमच्या भट्टीतून कसा येतो

नमस्कार.

खोक्यातून तवा काढलात की आधी तो उलटा करा. मागची बाजू बारीक वाळूसारखी खरखरीत लागेल. काठावर एके ठिकाणी अंगठ्याएवढी जागा घासून सपाट केलेली दिसेल. आतली बाजू मात्र हाताला बरीच मऊ लागेल. या खुणांबद्दल आम्हाला वारंवार फोन येतात आणि काहींना तवा सदोष असल्याची शंका येते. तो कसा घडतो हे कळलं, की प्रत्येक खुणेचं कारण लक्षात येईल.

बीड हा लोखंडाचाच प्रकार. त्यात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन आणि २ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. एवढ्या कार्बनमुळे ते ११५० ते १२०० अंशांतच वितळतं. पोलादाला त्याहून कितीतरी जास्त आच लागते. वितळलेलं बीड पातळ असतं, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. म्हणून ते ओतून घडवता येतं. निवताना मात्र त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो आणि हे पापुद्रे बिडाला ठिसूळ करतात. पत्र्याचा तवा हातातून पडला तर पोचा येतो, बिडाचा फुटतो.

आमचा कारखाना कोल्हापूरचा. इथल्या फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतून वस्तू घडवणारे कारखाने, वाढल्या त्या उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं यांच्या कामावर. आजही इथलं बहुतेक ओतकाम मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांसाठी जातं. त्या मानाने तवा साधा दिसतो, पण पातळ असल्यामुळे तो ओतायला अवघड आहे.

काम सुरू होतं पॅटर्नपासून. पॅटर्न म्हणजे तव्याचा धातूचा नमुना. निवताना बीड शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून १० इंची तव्याचा पॅटर्न अडीच मिलिमीटर मोठा ठेवावा लागतो. तो दोन चौकटींच्या बॉक्समध्ये ठेवून भोवती वाळू ठासतात. पॅटर्न काढून घेतला की वाळूत उरते ती पोकळी म्हणजे साचा. ही सिलिका वाळू. तिच्यात बेंटोनाइट माती, दगडी कोळशाची पूड आणि ३ ते ४ टक्के पाणी मिसळलेलं असतं. आमच्याकडे यंत्रावर ओलावा मोजतात, तरी मोल्डर, म्हणजे साचा करणारा कारागीर, मूठभर वाळू दाबून बघितल्याशिवाय काम सुरू करत नाही. मुठीतला गोळा मोडल्यावर कडा स्वच्छ तुटली पाहिजे. भुरभुरली तर साचा ढासळतो. पाणी जास्त झालं तर रस, म्हणजे वितळलेलं बीड, ओतताना वाफ होते आणि तव्यात बुडबुड्यांची भोकं राहतात. कोळशाची पूड रसाच्या आचेने जळून वायू सोडते, त्यामुळे वाळू बिडाला चिकटत नाही. एवढं करूनही वाळूच्या कणांचा ठसा तव्यावर उमटतोच. मागची खरखर म्हणजे तोच ठसा.

भट्टी विजेवरची आहे. तिच्यात कच्चं बीड, स्वच्छ भंगार आणि आमचेच सदोष निघालेले तवे पडतात. रंग लागलेलं किंवा तेलकट भंगार आम्ही घेत नाही. ज्यात रोजचं जेवण शिजायचं, त्यात तडजोड आम्हाला मान्य नाही. रस साधारण १४०० अंशांवर लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतात, वरचा मळ काढतात आणि हात न थांबवता एका दमात ओततात. साचा भरताना धार मध्येच तुटली, तर दोन लाटा एकमेकींत मिसळण्याआधीच थिजतात आणि तव्यावर शिवणीसारखी रेघ पडते. असा तवा बाद.

त्यानंतर घाई करायची नसते. गरम तवा लवकर उघडला तर काठ एकदम निवून कडक होतो, कधी तडकतोही. बॉक्स फोडल्यावर रस शिरलेल्या वाटेचा तुकडा तोडतात आणि ती जागा घासतात. काठावरची सपाट खूण ती हीच. मग पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने वाळू झडते आणि आतली बाजू ग्राइंडरवर मऊ करतात, घावणं सुटायला हवीत म्हणून. शेवटी प्रत्येक तवा हातात धरून ठोकतात. चांगला तवा ठणठणतो. चीर असेल तर आवाज बद्द येतो, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो.

काळा रंग म्हणाल, तर तो रंग नाहीच. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन तवा २५० अंशांवर तासभर भाजतात. तेल घट्ट होऊन बिडाला धरतं. हा थर जाड दिला तर चिकट होतो, म्हणून आम्ही पातळच देतो. पुढचा तुमच्या स्वयंपाकघरात चढायचा आहे. पहिले काही दिवस भाकरीपेक्षा घावणं, थालीपीठ, धिरडी करा. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची कोकणातली पद्धत उत्तम, नारळाच्या शेंडीने तेल लावायचीही. चिंच, आमसूल, टोमॅटोचं कालवण त्यात शिजवून ठेवू नका. थर उतरतो आणि रस्सा काळवंडतो. धुतल्यावर लगेच पुसा आणि मंद आचेवर कोरडा करा. गंज आलाच तर घाबरू नका. घासा, पुसा, तेल लावून पुन्हा तापवा.

तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीही ओतू नका. असा तडकलेला तवा डागून दिल्यावर पुन्हा चिरतो, म्हणून दुरुस्ती आम्ही करत नाही. १० इंची तवा साधारण पावणेदोन किलोचा असतो. फुटला तर तुकडे टाकून देऊ नका, आमच्याकडे आणून द्या. ते पुन्हा भट्टीत जातील.