गाठ काढली, तरी परत का येते? ग्लायोब्लास्टोमामागचा इतिहास

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग. त्याची गाठ परतली की नातेवाईक हमखास विचारतात, "ऑपरेशनमध्ये थोडी राहून गेली होती का?" राहिलेली असतेच. पण जास्त कापून प्रश्न सुटत नाही, हे जवळपास शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी, ज्यांचं डावं अंग आधीच लुळं पडलं होतं अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल काढून टाकला आणि 1928 मध्ये ते प्रसिद्ध केलं. इतकी टोकाची शस्त्रक्रिया करूनही आजार परतला.

असं का, हे मेंदूविकृतितज्ज्ञ हान्स योआखिम शेरर यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या तंतूंमधून पुढे सरकतात, निरोगी चेतापेशींभोवती गोळा होतात. म्हणजे सर्जनला दिसते ती गाठीची कड खरी कड नसतेच. माझ्या मते या आजाराबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच, आणि ते बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं.

पुढे रेडिएशनने आयुष्य काही महिन्यांनी वाढलं. 1980 मध्ये सीटी स्कॅनवरून एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली: पेशी दूरवर पांगलेल्या असूनही बहुतेक गाठी मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच परत येतात. 2005 मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची जोड मिळाली आणि मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेलं. आजही उपचारांचा कणा तोच आहे.

तोवर प्रश्नाचा रोख बदलला होता. किती पेशी उरल्या यापेक्षा कोणत्या उरल्या, हे शोधायला सुरुवात झाली. 2004 मध्ये टोरांटोच्या पीटर डर्क्स यांच्या गटाने गाठीतल्या सीडी133 ही खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) असलेल्या अवघ्या 100 पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या. त्यांतून नवी गाठ तयार झाली. खूण नसलेल्या हजारो पेशींना ते जमलं नाही. (ही खूण पुरेशी नेमकी नाही, हे पुढे स्पष्ट झालं.) नवी गाठ उभी करू शकणाऱ्या अशा पेशी, म्हणजे गाठीच्या मूळपेशी, रेडिएशनने तुटलेला डीएनए चटकन सांधतात, हे 2006 मध्ये दिसलं. 2012 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोम सापडली. टेमोझोलोमाइड विभाजन चालू असलेल्या पेशींना मारतं. सुस्त पडून राहिलेल्या पेशी वाचतात आणि औषध थांबलं की गाठ पुन्हा उभी करतात.

2015 मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी या पेशींमधले लांबलचक धागे दाखवले. धाग्यांनी जोडलेल्या पेशी रेडिएशनला सहजासहजी बधत नाहीत. 2019 मध्ये तर चेतापेशी गाठीच्या पेशींशी थेट सिनॅप्स (संदेश पोचवणारे सांधे) जोडतात आणि त्या संदेशांवर गाठ वाढते, हे दोन स्वतंत्र गटांनी सिद्ध केलं. आकडीसाठी वापरलं जाणारं पेरॅम्पॅनेल हे औषध दिल्यावर उंदरांमधली ही वाढ मंदावली. तेच रुग्णांमध्ये घडेल का, हे चाचण्यांमधूनच ठरेल.